भिंतीपलीकडचा आवाज: घरातल्या मारहाणीबद्दल शेजारी, गाव आणि सोसायट्या विचारतात ते प्रश्न

तालुक्याच्या गावी एका महिला गटासोबत मी अकरा वर्षं काम करते. मार खाणाऱ्या बाईपेक्षा तिच्या शेजारणी, चुलतसासवा, मुलांच्या शिक्षिका आणि कधी कधी घरमालकच जास्त फोन करतात. सगळ्यांच्या प्रश्नाचा सूर एकच असतो: "ताई, आम्हाला दिसतंय, पण आम्ही करायचं काय?" हे पान त्यांच्यासाठी आहे.

नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये म्हणतात. मग आम्ही का पडायचं?

भांडणात पडूच नका. माहेरी किती दिवस राहायचं, हप्ता कुणी भरायचा, यावर दोघं तावातावाने बोलत असतील तर खुशाल आपल्या टीव्हीचा आवाज वाढवा. पण भांडणात दोघांनाही तोंड असतं. एकच जण बोलतो आणि दुसरी आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबते, त्याला भांडण म्हणत नाहीत. ओळखायची खूण भीती. त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की तिची बोलायची पट्टी बदलते का? अंगणात खेळणारी मुलं गुपचूप आत जातात का?

कायदाही नुसत्या मारहाणीपुरता नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक, अशी चारही प्रकारची हिंसा त्यात येते. पगाराचं कार्ड काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, तिचं स्त्रीधन परस्पर मोडणं, हेही हिंसाच.

आणि ती स्वतः येऊन सांगेल, अशी वाट पाहू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चारातल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. बचत गटाच्या बैठकीत वीस जणी बसल्या असतील तर हा हिशेब मनातल्या मनात करून बघा.

आत्ता, या क्षणी, शेजारून आवाज येतोय. काय करू?

विरजण मागायला जा.

मी चेष्टा करत नाही. आमच्या आळीत सत्तरी उलटलेल्या एक आजी आहेत. रात्री साडेनऊला पलीकडे आदळआपट सुरू झाली की त्या वाटी घेऊन जातात, कडी वाजवतात आणि म्हणतात, "अगं, विरजण संपलंय माझं, चमचाभर देतेस का?" त्यांच्या घरी दही असतं, हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे. दार उघडणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण दार उघडायला उचललेला हात खाली घ्यावा लागतो. सुनेचं तोंड दिसेपर्यंत आजी उंबऱ्यावरून हलत नाहीत. एक शब्द उपदेशाचा नाही, "काय चाललंय" नाही. तिच्या हातून वाटी घेतात आणि "उद्या सकाळी ये गं माझ्याकडे" एवढं म्हणून परततात.

हे दर वेळी चालत नाही. तो प्यालेला असेल, हातात कोयता-दांडकं असेल, आतून "मेले, वाचवा" असा आवाज असेल, तर एकट्याने दारात जाऊ नका. ११२ हा पोलिसांचा तातडीचा नंबर लावा. पत्ता सांगा, जवळची खूण सांगा, घरात लहान मुलं आहेत का, हत्यार आहे का, हे सांगा. तिचा पूर्वेतिहास सांगायची गरज नाही.

मोबाइलवर व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. एका प्रकरणात असं झालं, आणि जी बाई रोज खाली उतरून भाजी घ्यायची तिने जिना उतरणंच सोडलं. हेतू चांगला होता, पण तिची बाहेर जायची उरलीसुरली एक वाट त्याने बंद झाली.

मी कळवलं आणि उद्या तेच माझ्यावर उलटले तर?

कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला वाटतं, अशी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकते. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीसाठी कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तुम्ही नात्याचे असायला हवं, अशी अटही नाही.

इथे एक गफलत हमखास होते. लोक म्हणतात, "मी जाऊन ४९८-अ ची केस करतो." नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ झालं आहे. त्याखाली पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा तर माहिती तिने स्वतः, तिच्या नातलगाने किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने द्यावी लागते. शेजाऱ्याच्या तोंडी तक्रारीवर तो उभा राहत नाही. म्हणून शेजाऱ्याचं पहिलं दार संरक्षण अधिकारी, आणि मारहाण चालूच असेल तर ११२.

ती म्हणते, "कुणाला सांगू नका." मग गप्प बसायचं?

शक्यतो हो. जीव जाईल असं दिसत असेल, मुलावर हात उचलला जात असेल, तर नाही. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

एरवी तिच्या "नको"मागे कारण असतं आणि ते तिला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ती रोज त्या माणसाचा अंदाज घेत जगते. कोणत्या दिवशी पगार, कोणत्या दिवशी दारू, कुणासमोर अपमान झाला की घरी येऊन काय होतं, हे सगळं तिला पाठ असतं. आपण परस्पर दोन माणसं घेऊन त्याला दम द्यायला गेलो की त्याचा हिशेब रात्री तिच्याकडून वसूल होतो. मी हे एकदा केलं आहे. पहिल्या वर्षी, जोशात. तिसऱ्या दिवशी ती भेटली तेव्हा मनगटाला प्लास्टर होतं, आणि तिने मला एवढंच विचारलं, "ताई, सांगून तरी यायचं होतंत."

तिला विचारण्यासारखे दोनच प्रश्न असतात: "तुला माझ्याकडून काय हवंय?" आणि "काय केलेलं चालणार नाही?" बहुतेक वेळा उत्तर साधं निघतं. फोन चार्ज करायला जागा. मुलीला अर्धा तास बसवून घ्या. एक पिशवी ठेवून घ्या.

पिशवीत काय असतं?

आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा एखादा फोटो किंवा पत्रिका, दवाखान्याचे कागद, तिची रोजची औषधं, थोडी रोकड, एक साधा मोबाइल. आमच्याकडे एकीने हे सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेजारणीच्या बाजरीच्या पिठाच्या डब्यात चौदा महिने ठेवलं होतं. शेजारीण दर आठवड्याला वरचं पीठ वापरायची, खालचं तसंच. नवरा दोनदा तिच्या घरी येऊन चहा पिऊन गेला.

शेजाऱ्याने एक वहीही ठेवावी. तारीख, वेळ, काय ऐकलं, काय दिसलं. "तो राक्षस आहे" असं लिहू नका. "रात्री ११ च्या सुमारास ताट फेकल्याचा आवाज, सकाळी डाव्या डोळ्याखाली काळं" असं लिहा. सहा महिन्यांनी कोर्टात तारखा विचारतात, आणि तेव्हा तिला एकही धड आठवत नाही.

संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सखी, विधी सेवा… नक्की कुणाकडे जायचं?

घोळ होतो, कबूल आहे. कामाच्या क्रमाने सांगते.

संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. ते तिच्याशी बोलून कौटुंबिक घटना अहवाल भरतात, त्याला आम्ही सगळे डीआयआरच म्हणतो. तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. तिथून संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा आदेश, खर्चापाण्याचा आदेश, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई मागता येते. कायद्यानुसार पहिली तारीख साधारण ३ दिवसांत लागावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून पहिल्याच अर्जात अंतरिम आदेश मागा. प्रतिज्ञापत्रावर, समोरचा हजर नसतानाही तो देता येतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाची फी नाही म्हणून कुणी थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न विचारलं जात नाही. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० लावा.

सखी वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एकाच छपराखाली मिळावा, अशी २०१५ पासूनची योजना आहे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन तिथपर्यंत जोडून देते.

पोलीस ठाण्यात समुपदेशक बसण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला, पुढे तो इतर जिल्ह्यांत गेला. तिथली ताई पोलीस नसते, पण पोलिसांच्या आवारात बसते, आणि त्या बसण्यानेच बरंच काम होतं.

दवाखाना मात्र सगळे विसरतात. बाई पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही, पण "जिन्यावरून पडले" म्हणून दवाखान्यात जाते. हे ओळखून सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली दिलासा केंद्र सुरू केलं. जखमेची जागा आणि सांगितलेलं कारण जुळत नसेल तर परिचारिकेने तिला एकटीला बाजूला घेऊन विचारायचं, अशी तिथली रीत. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या दंडावर बोटांचे वळ उठत नाहीत. आमच्या भागातल्या आशाताई हे आता डॉक्टरांच्या आधी ओळखतात.

पोलीस ठाण्यात गेलो, "घरगुती मामला" म्हणून एनसी करून पाठवलं. आता?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिची प्रत घ्या, ती वाया जात नाही, तारखेचा पुरावा म्हणून लागते. पण दुखापत मोठी असेल किंवा सततचा छळ असेल तर एनसीवर थांबू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नोंद झाली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा. २००५ च्या कायद्याखालच्या अर्जाला मुळात गुन्हा नोंदलेला असावा लागत नाही. पोलिसांनी काही केलं नाही म्हणून कोर्टाची वाट अडत नाही. पोलीस पाटील किंवा दक्षता समितीतली एखादी बाई सोबत असली की ठाण्यात खुर्ची मिळते. असं असू नये, पण असतं.

गावातच तंटामुक्ती समितीपुढे मिटवलं तर काय वाईट?

यावर माझं मत ठाम आहे आणि ते गावात फारसं आवडत नाही.

तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. बांधाचे, पाण्याचे, वाटेचे वाद त्यात खरंच मिटले. पण बांधाच्या वादात दोन्ही बाजूंना थोडं थोडं सोडता येतं. मारात काय सोडायचं? "तू आठवड्यातून एकदाच मार, आणि तू उलट बोलू नकोस," असं? हसू नका, याच्या अगदी जवळ जाणारं वाक्य मी मंदिराच्या ओट्यावर ऐकलं आहे. समोर नऊ पुरुष सतरंजीवर, ती खांबाआड उभी, डोक्यावरून पदर. शेवटी दोघांच्या सह्या घेतल्या आणि पेढे वाटले.

२००५ च्या कायद्याच्या नियमांत समुपदेशनाबद्दल स्पष्ट म्हटलं आहे: तिथे मारणाऱ्याला हिंसेचं समर्थन करायला मुभा नाही, आणि तडजोडीचा विषय तिची इच्छा असेल तरच. ओट्यावर नेमकं उलट घडतं. पहिला तास त्याच्या कारणांत जातो. स्वयंपाक, सासूशी बोलणं, मोबाइल.

समितीचा उपयोग आहेच, पण वेगळा. तिचं सामान घरातून आणताना पाच माणसं उभी राहणं, कोर्टाचा आदेश पाळला जातोय का हे पाहणं, तो घराबाहेर राहात असताना रात्री दारात येऊन धिंगाणा करणार नाही याची हमी. हे गावाइतकं चांगलं पोलिसांनाही जमत नाही. जात पंचायतीने तिला किंवा तिच्या माहेरच्यांना वाळीत टाकलं तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

एवढं सगळं केलं आणि ती परत त्याच्याकडेच गेली. आम्ही तोंडघशी पडलो.

पडला असाल. ती पडली नाही एवढं बघा. बाई परत जाते याची कारणं मुलांची शाळा, भाड्याची खोली, आईबापाचं "दिल्या घरी सुखी राहा", आणि कधी कधी त्याच्यावरचा जीवसुद्धा. "आता आमच्या दारात येऊ नकोस" हे वाक्य तेवढं गिळा. पिठाचा डबा रिकामा करू नका. चौदा महिन्यांत ती दोनदा परत गेली होती.

हे सगळं परदेशी, शहरी बायकांचं खूळ आहे, असं आमच्या गावातले जाणते म्हणतात.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८१ साली पोलीस, कोर्ट आणि संस्था यांना एका साखळीत बांधण्याची पद्धत सुरू झाली, तिचं नाव जगभर झालं, हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, शहादा भागातल्या भिल्ल बायका श्रमिक संघटनेच्या आंदोलनात उतरल्या होत्या. गावोगाव जाऊन त्यांनी दारूचे गुत्ते मोडले, मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला. त्यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुरंदर तालुक्यात मासूम ही संस्था १९८७ पासून गावातल्याच बायकांना घेऊन काम करते आहे. खूळ असेल तर ते इथल्याच मातीतलं आहे, एवढं जाणत्यांना सांगा.

आमची सोसायटी सुशिक्षितांची आहे. इथे असं नसतं ना?

भिंती जाड असतात, एवढाच फरक. तिथे वॉचमन, लिफ्टवाला आणि धुणंभांड्याची मावशी यांना सगळं आधी कळतं. त्यांना विचारायची पद्धत नसते आणि सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती असते. सेक्रेटरीने त्यांना एवढंच लेखी द्यावं की मदतीसाठी ११२ लावल्याबद्दल कुणालाही कामावरून काढलं जाणार नाही.

"फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे, तिचा काय संबंध" असं म्हणणारे सभासद भेटतात. २०२० च्या सतीशचंदर आहुजा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सासरच्या नातलगांच्या मालकीचं घरही तिच्या दृष्टीने सामायिक घर ठरू शकतं. तेव्हा कुलूप बदलायला आलेल्या चावीवाल्याला गेटवरून आत सोडण्याआधी सोसायटीने दोनदा विचार करावा.

पुरुषांनी काय करायचं? आम्ही गेलो की संशय येतो.

तिच्याकडे जाऊ नका, त्याच्याकडे जा. मुंबईतली मावा ही संघटना १९९३ पासून पुरुषांशीच बोलते, ते याचसाठी. पारावर तो "घातली दोन ठेवून" असं सांगतो तेव्हा हसणारे पुरुषच असतात. त्या वेळी कुणी हसलं नाही आणि एकाने "का रे बाबा?" एवढं विचारलं, तरी पाराचं वजन सरकतं. मात्र दम देणं, कानफटात मारणं नको. त्याची वसुली कुठे होते, ते वर सांगितलं आहे.

खोट्या तक्रारींचं काय?

असतात. त्या तपासायचं काम कोर्टाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेशकुमार निकालानंतर ४९८-अ मध्ये सरसकट अटकही होत नाही. पिशवी ठेवून घेणाऱ्या शेजारणीला निकालपत्र लिहायचं नसतं.

फक्त बायकोलाच हा कायदा लागतो का?

नाही. आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी जोडीदार, सगळ्यांना. मुलगा मारतो म्हणून सासूही अर्ज करू शकते, आणि म्हाताऱ्या आईबापांसाठी २००७ चा वेगळा कायदाही आहे.

लेक दुसऱ्या राज्यात दिली होती, आता माहेरी आली आहे. तक्रारीसाठी परत तिकडे जायचं?

गरज नाही. ती जिथे तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. छळाच्या फौजदारी तक्रारीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच सांगितलं आहे.

आम्हाला गावात गट सुरू करायचा आहे. किती माणसं लागतील?

पाच पुरतात. आशाताई, अंगणवाडीताई, एक शिक्षक, पोलीस पाटील आणि एक रिक्षावाला. रिक्षावाला वगळू नका. रात्री बाराला तालुक्याच्या दवाखान्यात कोण नेणार, हा प्रश्न बैठकीत कुणी काढत नाही आणि प्रत्यक्षात पहिला तोच येतो. भाड्यासाठी बचत गटाने हजार-दोन हजार बाजूला ठेवावेत, पावती न मागता.

मदतीच्या नंबरांचा फलक ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर लावू नका. तिथे उभं राहून तो वाचायची कुणाची छाती होत नाही. आम्ही दोन ठिकाणी लावतो: आरोग्य केंद्राच्या बायकांच्या संडासात दाराच्या आतल्या बाजूला, आणि पिठाच्या गिरणीत, जिथे दळण होईपर्यंत दहा मिनिटं उभं राहावंच लागतं. गिरणीतला कागद पिठाने पांढरा होतो, म्हणून दर महिन्याला बदलावा लागतो. खालच्या बाजूला नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या कापून ठेवलेल्या असतात. मागच्या महिन्यात कागद काढला तेव्हा अकरापैकी चार नव्हत्या.